मागे कोण बसलंय?

खासगी रुग्णवाहिका रस्त्यावर आणायची तर गाडीला बरंच काही सिद्ध करावं लागतं. एआयएस-१२५ नावाचं मानक आहे. त्यात रुग्णवाहिकांचे चार प्रकार पाडलेत. ए म्हणजे प्रथमोपचाराला लवकर पोचणारी, बी म्हणजे पेशंटला एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारी, सी म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टची आणि डी म्हणजे ॲडव्हान्स, जिला आपल्याकडे सरसकट कार्डिॲक म्हणतात. मागच्या कप्प्याची मापं, स्ट्रेचर कसा जखडायचा, दिवे, रंग, सगळं त्यात येतं. शिवाय फिटनेस, विमा, पीयूसी. मी नाशिकमध्ये खासगी ॲम्ब्युलन्स चालवतो. आजवर ज्या ज्या गाड्या हातात आल्या त्यांच्या फायलीत हे सगळे कागद होते. मागे पेशंटजवळ कोण बसणार आणि त्याला काय येतं, हे सांगणारा कागद मात्र एकाही फायलीत नव्हता.

१०८ ची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात ती सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या ठरल्या होत्या, त्यांतल्या २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक. गाडीसोबत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. पण डिस्चार्ज झालेल्या आजोबांना सटाण्याला घरी सोडणं, एका हॉस्पिटलमधून नातेवाइकांनी ठरवलेल्या मुंबईच्या हॉस्पिटलात शिफ्टिंग, मध्यरात्री डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन निघालेलं कुटुंब, अशी कामं मोठ्या प्रमाणात आमच्याकडे येतात. ही माणसं कमी आजारी असतात असं कुणी समजू नये. डामा घेतलेला पेशंट कित्येकदा वॉर्डातल्या सगळ्यांत गंभीर पेशंटांपैकी असतो, आणि त्याच्याजवळ बसायला आमच्या धंद्यात मिळेल तो मुलगा बसवतात. त्याला सिलिंडरची चावी फिरवता आली की झाला तो अटेंडंट.

कोर्स करायचं माझ्या डोक्यात आलं ते मुंबईच्या एका आयसीयूच्या दारात. नाशिकहून एका काकांना घेऊन आम्ही पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, वाटेत बीपी किती होतं, ऑक्सिजन किती लिटरने चालला होता, शुद्ध कधी गेली. माझी जागा स्टिअरिंगवर होती. मागे बसलेला मुलगा गप्प. काकांचा जावई म्हणाला, "घोटीपर्यंत बोलत होते." डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं. त्या माणसाच्या आयुष्यातले अत्यंत नाजूक चार तास कुणाकडेच नोंदलेले नव्हते. परतीच्या वाटेवर मी त्या मुलाला काही बोललो नाही, कारण त्याला कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

माझं शिक्षण बारावी सायन्स. पुढे घरच्या अडचणीमुळे पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोची पिकअप चालवली, तिथून ॲम्ब्युलन्सवर आलो. ईएमटी-बेसिक, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा पायाभूत कोर्स असतो, हे मला कॅज्युअल्टीतल्या एका ब्रदरने सांगितलं. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने त्याचा अभ्यासक्रम ठरवलेला आहे. शेठना सांगितलं तर ते म्हणाले, "तू गाडी चालव ना, डॉक्टरकी कशाला करतोस? आणि दिवसा क्लासला गेलास तर गाडी कोण काढणार?" त्यांचंही गणित होतं. गाडीचा हप्ता दर महिन्याला भरायचा असतो आणि आम्हाला पैसे फेरीवर मिळतात, पगार असा नाहीच. शेवटी रात्रपाळी घ्यायची आणि दिवसा क्लास करायचा, असं ठरलं. फीचे पैसे बायकोनं बचत गटातून उचलून दिले. तिने मला एकदाही विचारलं नाही की यातून जास्त पैसे मिळणार आहेत का.

आमच्या बॅचमध्ये माझ्यासारखे आणखी काही ड्रायव्हर होते, पेठ-सुरगाण्याकडच्या मुली होत्या आणि अंबडच्या एका कारखान्यातला सेफ्टी विभागाचा माणूस होता. शिकवणाऱ्या मॅडम आधी कॅज्युअल्टीत सिस्टर होत्या. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की इथे कुणी कुणाला 'ए ड्रायव्हर' म्हणणार नाही, आडनावाने हाक मारायची आणि पुढे दादा किंवा ताई लावायचं. छोटी गोष्ट वाटेल. पण हॉस्पिटलच्या गेटवर रोज 'ए ॲम्ब्युलन्स, गाडी काढ' ऐकणाऱ्याला ती छोटी वाटत नाही.

पुतळ्यावर सीपीआर शिकलो, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर दाब देणं. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको आणि ६ च्या पुढे नको, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाबांमागे २ श्वास. हे वाचायला सोपं आहे. करायला लागलं की मिनिटभरात घामाच्या धारा लागतात. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. आता हेच चालत्या गाडीत, वळणावर, एकट्याने करायचं म्हटलं तर काय होईल? मागे एकच माणूस असेल तर तो दाब देईल की श्वास द्यायची पिशवी, म्हणजे अंबू बॅग, दाबेल? हा प्रश्न मी क्लासमध्ये विचारला. मॅडम म्हणाल्या, "म्हणून गंभीर पेशंटसोबत मागे दोन शिकलेली माणसं हवीत. परवडत नाही म्हणून एक बसवतात, ते शास्त्र नाही."

सगळ्यांत जास्त उपयोगी पडला तो ऑक्सिजनचा हिशेब, आणि त्यावर मला थोडं सविस्तर लिहायचंच आहे. आमच्या गाडीत सहसा बी टाइप सिलिंडर असतो, काळं अंग आणि पांढरा खांदा. त्याची पाण्याची क्षमता साधारण १० लिटर आणि पूर्ण भरला की दाब १५० बारच्या आसपास. दोन्हींचा गुणाकार केला की आत सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन आहे हे कळतं. पेशंटला पिशवीचा मास्क लावून मिनिटाला १० लिटर सोडला तर तो १५० मिनिटं पुरेल, म्हणजे अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर ७५ मिनिटं, म्हणजे जेमतेम कसारा घाटापर्यंत. फ्लो १५ वर न्यावा लागला तर भरलेला सिलिंडरसुद्धा १०० मिनिटांत संपतो. आणि काटा शून्यावर जाईपर्यंत वापरायचा नसतो, थोडा साठा राखून बदलायचा असतो. नाशिकहून मुंबईच्या हॉस्पिटलपर्यंत चार तास सहज जातात. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून घाटातली कोंडी टाळता येते, पण ठाण्याच्या पुढे गाडी कुठे अडकेल हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणजे अशा पेशंटला एक सिलिंडर घेऊन निघणं म्हणजे वाटेतच त्याचा श्वास तोडण्यासारखं आहे. हा हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल. तरीही तो न करता गाड्या सुटतात, कारण निघताना घाई असते आणि विचारणारं कुणी नसतं.

नाशिककरांना तरी हे समजावून सांगावं लागू नये. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा तुटला आणि वीसहून जास्त रुग्ण दगावले. आख्ख्या शहराने तो धूर टीव्हीवर पाहिला. पुरवठा खंडित झाला तर किती मिनिटं हातात असतात, हे त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं. मग हेच गणित चार चाकांवर असताना आपण ते सोडून कसं देतो?

आपल्या जिल्ह्याचे म्हणून काही पेशंट आहेत. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षाची, कांद्याची शेती. घरात फवारणीचं औषध असतंच. "औषध घेतलंय" असा फोन आला की आम्हाला पुढचं सांगावं लागत नाही. कोर्समध्ये शिकलो की पेशंटला मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, डाव्या कुशीवर ठेवायचं, तोंडातली लाळ सक्शनने ओढत राहायची, औषधाने भिजलेले कपडे काढायचे, अंग पुसून घ्यायचं, स्वतः हातमोजे घालायचे आणि बाटली सोबत आणायची. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात का ते पाहायचं. बाटली सोबत असली की कॅज्युअल्टीत कुणालाही अंदाज बांधत बसावं लागत नाही. नातेवाईक ती लपवतात, पोलिस केसची भीती असते. त्यांना शांतपणे सांगावं लागतं की काका, बाटली द्या, माणूस वाचवायचाय. हे बोलणंसुद्धा शिकावंच लागतं.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या बाजूला सर्पदंश. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावला तर कित्येकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पापण्या जड होतात, आवाज नाकातून येतो, मग श्वास थकतो. दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, पायातली जोडवी, पैंजण काढून घ्यायचे, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि वेळ लिहून ठेवायची. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते. ती हॉस्पिटलातच मिळणार. तोपर्यंत श्वास थांबलाच तर अंबू बॅग दाबून माणूस जगवता येतो. बॅच मधल्या सुरगाण्याच्या ताईने हा तास संपल्यावर मॅडमना विचारलं, "मॅडम, हे आमच्या पाड्यावर मी सांगितलं तर चालेल ना?" माझ्या मते आख्ख्या कोर्समधला सगळ्यांत चांगला प्रश्न तो होता.

मध्येच एक इंजेक्शन घ्यायला लावलं. हेपटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीवरची लस, तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. अपघातातलं रक्त गाडीतून पाण्याने आणि फडक्याने आम्हीच पुसतो. त्या दिवसापर्यंत कुठल्याही मालकाने, कुठल्याही हॉस्पिटलने आम्हाला ही लस घे असं म्हटलेलं नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्या जुन्या ड्रायव्हर अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्यालाबी असते व्हय ती?" त्यांची निम्मी हयात या कामात गेली आहे.

मग एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोस्टिंग झालं. इतके दिवस मी ज्या दारापाशी स्ट्रेचर सोडून परत फिरायचो त्या दाराच्या आत उभा राहिलो. आतली माणसं बाहेरच्यांवर का खेकसतात ते दिसलं. एका वेळी तीन गाड्या येतात, तिघांचेही नातेवाईक ओरडत असतात, आणि गाडीतून आलेला माणूस 'पेशंट सिरियस आहे' यापलीकडे काही सांगू शकत नाही. सिरियस तर सगळेच असतात. डॉक्टरांना चार आकडे आणि एक वेळ हवी असते. ती दिली की आवाज आपोआप खाली येतो. मला वाटतं, मान मिळत नाही ही आमची तक्रार खरी आहे, पण त्या दाराच्या आतल्यांचीही एक खरी तक्रार आहे आणि दोन्हींचं मूळ एकच आहे: आम्हाला कुणी तयार केलेलं नाही.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लेखी झाली, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रात्यक्षिक घेतलं, मानेला कॉलर लावून पेशंटला न वाकवता बोर्डवर घेणं मला आलं होतं आणि तेच केलं. प्रमाणपत्र यायला वेळ लागला.

बदल दिसला तो कामावर. मी एक साधा कागद तयार केला. निघाल्याची वेळ, नाडी, बीपी, श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, किती लिटरने सोडला, शुद्धी, आणि वाटेत काय झालं. मागे शिकलेला अटेंडंट असेल तर दर पंधरा मिनिटांनी तो हे भरतो. मी मागे बसलो तर मी भरतो आणि गाडी दुसरा चालवतो. पहिल्यांदा तो कागद एका रेसिडेंट डॉक्टरांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "सर, दोन मिनिटं थांबा, मला आणखी एक विचारायचंय." या कामात मला कुणी सर म्हटल्याची ती पहिली वेळ. नंतर एका सिस्टरने आपल्या डेस्कमागचं पाणी प्यायला दिलं. मोठं काही नाही, पण बाहेरच्या नळाकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटलेत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. शेठशी माझे वाद होतात. काही ठिकाणी गाडी लागते ती कटावर. पेशंट मिळवून देणाऱ्याला जो कट जातो, त्यात शिकलेल्या अटेंडंटचा मेहनताना आरामात निघेल, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते चिडले, पण त्यानंतर व्हेंटिलेटरच्या पेशंटला तरी मागे प्रशिक्षित माणूस द्यायला त्यांनी सुरुवात केली. नातेवाइकांची घासाघीस मी समजू शकतो, हॉस्पिटलच्या बिलाने ते आधीच मोडलेले असतात. पण "अटेंडंट नको, भाऊ बसेल मागे, तेवढे कमी करा" म्हटलं की मी आता थांबून हिशेब समजावतो. बरेच जण ऐकतात.

आमच्यातल्या लोकांनाही एक सांगायचंय. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ई हे कलम आलं. ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. नाशिकच्या द्वारका चौकात, मुंबई नाक्याला लोक खरोखर गाड्या बाजूला घेतात, रिक्षावाले फुटपाथवर चढवतात. रिकामी गाडी घेऊन सायरन वाजवत जाणारा आपलाच माणूस त्या सगळ्यांचा विश्वास मोडतो. ते बंद झालंच पाहिजे, आणि ते आपणच बंद करायला हवं.

२०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, आहे. या कामाला कायद्यात नाव मिळालं ही मोठी गोष्ट आहे. पण ती पदविका किंवा पदवी घेणाऱ्यांची वाट आहे. आज नाशिकच्या रस्त्यावर मागच्या कप्प्यात बसलेल्या दहावी-बारावीच्या पोरांना रात्रपाळी सांभाळून शिकता येईल, फीचे हप्ते पडतील, आणि शिकल्यावर फेरीमागे चार पैसे जास्त मिळतील, अशी सोय लागणार. गाडीच्या पासिंगला जसा फिटनेसचा कागद लागतो तसा मागच्या माणसाच्या प्रशिक्षणाचा कागद सक्तीचा करावा, हे माझं ठाम मत आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत गर्दी असेल आणि तेव्हा खासगी गाड्यांचीही गरज पडणार. ती माणसं आत्ता शिकली तर तेव्हा तयार असतील.

तोवर तुमच्यापैकी कुणाला खासगी गाडी बोलवायची वेळ आली, तर भाड्याच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारा. मागे कोण बसणार आणि त्याने काय शिकलंय. सिलिंडर किती, आणि काटा आत्ता कुठे आहे. वाटेतली नोंद लिहून देणार का. ज्याला उत्तर माहीत आहे तो लगेच देईल, आणि असं विचारल्याचा त्याला रागही येणार नाही. मला तर असा फोन आला की बरं वाटतं. मी काटा बघूनच फोन उचलतो.